विहीणबाईंच्या वाटणीचं हाड

नारीन, ५ मार्च

विहीणबाई जिपार यांना बुरुलचा सलाम.

तुम्ही मला फोनवर बंद करून टाकलंत त्याला येत्या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. माझी तक्रार नाही, कानांना जरा विश्रांती मिळाली. पण काही गोष्टी कुबातवर सोपवता येत नाहीत. माझा मुलगा असला तरी बोलण्याच्या बाबतीत तो बापावर गेलाय. म्हणून पत्र लिहिते. आमच्या गल्लीतली तुरसुन वाळवलेल्या दह्याचं कुरुत विकायला कझानला निघाली आहे, तिच्या पिशवीत कुरुताच्या गोळ्यांखाली हे पत्र येईल. त्याला आंबट वास आला तर तो कुरुताचा आहे, मनात दुसरं काही आणू नका.

तुम्हाला नात झाली हे कुबातने कळवलंच. गुटगुटीत आहे. नाक तुमच्याकडचं आहे, पण मोठी होईल तसं सुधारेल.

बेगिमाय ठीक आहे. दमली आहे, बाकी ठीक आहे. फोन उचलत नाही याचा अर्थ काहीतरी झालंय असा नाही. पहिलटकरणीने फार बोलू नये असं इथले डॉक्टर म्हणतात, आणि इथले डॉक्टर फार कडक आहेत. तिने तुम्हाला फोनवर चार ओळी लिहून पाठवल्याच ना? 'आई, मी मजेत आहे. सासूबाई फार प्रेमळ आहेत. माझी खूप काळजी घेतात.' एवढ्या दमलेल्या मुलीने एवढं लिहिलं हेच पुष्कळ.

तुम्ही येऊ नका. डोलोन घाटात कमरेएवढा बर्फ आहे, बिश्केकची गाडी कालही अडकली होती. तुमच्या बेकरीत रजा मिळत नाही हेही मला माहीत आहे. शिवाय तुमचा रक्तदाब. तेव्हा येऊ नका. ती ठीक आहे.

दोन गोष्टी सहज विचारते. बेगिमायला लहानपणी कुठलं औषध सोसत नसे का? इथे मिर्लान नावाचे भूल देणारे डॉक्टर आहेत, त्यांना सगळ्यांच्याच लहानपणाबद्दल फार कुतूहल. आणि ती लहान असताना तुम्ही तिला कुठल्या नावाने हाक मारायचात, आणि झोपवताना कुठलं गाणं म्हणायचात? हेही सहजच. उत्तर कुबातला फोनवर सांगा. जमलं तर आजच.

आता लिहितेच आहे तर लग्नातल्या त्या हाडाबद्दलही लिहून टाकते. तुमच्या ताटात मांडीचं हाड आलं आणि मानाचा उचा, ढुंगणाचं हाड, माझ्या मोठ्या नणंदेच्या ताटात गेला, हे खरं. वधूच्या आईचा मान उचाचा, हे मला तुम्ही शिकवायची गरज नव्हती, आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात तर नव्हतीच. पण मेंढीला ढुंगण एकच असतं, आणि त्या दिवशी वाढपी माझ्या नवऱ्याचा, ओरोझचा, भाऊ होता. त्याला व्होडका चढली की हाडांतला फरक कळत नाही, माणसांतलाही कळत नाही. आणि मी 'सात नातवंडं हवीत' म्हटलं तो आशीर्वाद होता. त्यावर 'माझी मुलगी माझ्या रक्ताची आहे, मेंढी नाही' असं म्हणायचं काय कारण होतं?

असो. बेगिमाय ठीक आहे.

बुरुल


नारीन, ९ मार्च

विहीणबाई,

काल महिला दिन होता आणि तुम्ही फोनवर माझ्या मुलाचा उद्धार केलात. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे माझाही झाला. 'माझी मुलगी शुद्धीवर असताना सासूबाई फार प्रेमळ आहेत असं लिहिणं शक्य नाही, तिला काय झालंय ते खरं सांग!' असं तुम्ही ओरडलात. बिचारा कुबात रडायला लागला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. तो मजकूर मी लिहिला होता. दुसरं कोण लिहिणार?

म्हणजे तुम्हाला आता कळलंच आहे. पण कुबातने सांगितलं म्हणजे अर्धंच सांगितलं असणार. पहिली गोष्ट पहिल्या ओळीत लिहायला हवी होती: काल दुपारी तिची श्वासाची नळी काढली. ती स्वतः श्वास घेते आहे, माणसं ओळखते आहे. आता बसा, चहा घ्या आणि मग पुढचं वाचा.

बाळंतपणाच्या दिवशी सकाळी तिला प्रसूतिगृहात नेलं, तेव्हा सगळं सुरळीत होतं. कळा चांगल्या येत होत्या, पाणी नुकतंच गेलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत बेगिमाय सुईणीला म्हणाली, "मला काहीतरी होतंय. मी मरतेय." आता बाळंतपणात असं कोण म्हणत नाही? मी कुबातच्या वेळी तीनदा म्हटलं होतं, शिवाय ओरोझलाही घेऊन जाते म्हटलं होतं. पण त्या सुईणीने बेगिमायच्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळ घंटा दाबली. ओठ निळे पडले होते. मिर्लान डॉक्टर धावत आले तोवर तिचं हृदय थांबलं होतं.

हे मला नंतर कळलं. मी बाहेर काय पाहिलं तर एक परिचारिका गुंडाळलेलं बाळ घेऊन माझ्या समोरून पळत गेली, आणि बाळ रडत होतं. बस्स. मला एवढंच दिसलं. विहीणबाई, आता रागवा, हक्काने रागवा. मी उठले आणि सुयुन्चू, आनंदाच्या बातमीचं बक्षीस, मागायला धावले.

एवढी वर्षं गल्लीतली प्रत्येक बाई माझ्या दारात 'सुयुन्चू! सुयुन्चू!' करत आली आहे. हिला नातू, तिच्या मुलाला नोकरी, हिच्या गाईला जुळं. प्रत्येकीच्या बातमीवर मी रुमाल दिले, साबण दिला, मोजे दिले. अखेर एकदाची माझी वेळ आली होती. शेजारच्या आयजामालने हातात जिवंत कोंबडी ठेवली. तिच्या नवऱ्याने डोक्यावरची टोपी काढून दिली. उरलेल्यांना मी चालता चालता फोनवरून कळवलं. ओरोझने तर तिथल्या तिथे मेंढी पाडली. दुपार व्हायच्या आत आमचं अंगण तोयाच्या जेवणावळीने भरलं. काळीज आणि शेपटीची चरबी कढईत परतून झाली, माणसं खायला बसली, पेले भरले गेले, आणि माझ्या मोठ्या नणंदेने बाळाच्या नावाने भाषणसुद्धा केलं.

आणि त्या वेळात, विहीणबाई, आत ते लोक तुमच्या मुलीच्या छातीवर दाब देत होते. एकाने तिचं पोट डावीकडे ढकलून धरलं होतं. आणि दामिरा डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेच्या खोलीची वाट न पाहता त्याच पलंगावर पोट उघडून बाळ काढलं होतं. बाळ निघालं म्हणून तर हृदयाला पुन्हा चालू व्हायला जागा मिळाली. दामिराबाईंनी मला मागाहून समजावलं. बाळ ज्या पाण्यात असतं ते कधीकधी आईच्या रक्तात शिरतं आणि शरीर असं बिथरतं की हृदय, फुप्फुसं, सगळंच एका दमात बंद पडतं. हजारो बाळंतपणांत एखादीला होतं. आधी कळत नाही, टाळता येत नाही.

कुबात मला फोन लावत होता. माझा फोन सारखा गुंतलेला. मी उझबेक गल्लीतल्या शिंपिणीला बातमी देत होते, जिच्याशी मी वर्षभर बोलले नव्हते. शेवटी तो गाडी घेऊन घरी आला. फाटकात उभा राहिला. अंगणात टांगलेलं कातडं पाहिलं, पेले पाहिले, आत्याला गाताना पाहिलं.

"आई, हे काय चाललंय?"

"तोय चाललाय. तू रिकाम्या हाताने आलास? बेगिमायला सूप नेलंस का?"

"आई, तिचं हृदय थांबलं होतं. आता चालतंय, पण रक्त थांबत नाही. रक्त पाहिजे."

मी चमचा हातात घेऊनच फाटकाकडे धावले. आयुष्यात पहिल्यांदा मी शिजतं पातेलं टाकून निघाले. साक्षीला माझी मोठी नणंद आहे, ती हे सगळ्यांना सांगत फिरते.

रुग्णालयातलं रक्त संपत आलं होतं. बिश्केकहून गोठवलेल्या रक्तद्रवाचं खोकं आणि दोन तज्ज्ञ घेऊन गाडी निघाली होती, पण मध्ये डोलोन. आम्ही सगळा तोय दोन मिनीबसमध्ये कोंबला आणि दवाखान्यात नेला. दारात मिर्लान डॉक्टर उभे. आमच्याकडे एकदा पाहिलं, एकदा वास घेतला.

"दुसऱ्या रक्तगटाचे, म्हणजे 'ए'चे, किती?"

निम्मे हात वर झाले.

"प्यालेत किती?"

पुरुषांचे सगळे हात खाली. ओरोझ म्हणाला, "मी फक्त एकच घोट घेतलाय, तोही नातीसाठी."

"काका, त्या घोटाचा वास मला इथपर्यंत येतोय. मागे व्हा. आता चरबी कुणीकुणी खाल्ली? चरबी खाल्लेल्याचं रक्त दुधासारखं होतं, ते मला चालणार नाही."

आता उरलं कोण, सांगा. तोयात आधी म्हातारे खातात, मग पुरुष, मग आम्ही सासवा. सगळ्यांचे ओठ चरबीने चकचकीत. मागे चुलीपाशी राबणाऱ्या, पाहुण्यांचा चहा ओतणाऱ्या, ज्यांच्या पोटात सकाळपासून कण नव्हता, त्या तेवढ्या उरल्या. गल्लीतल्या सुना. आयजामालची सून, तुरसुनची सून, नणंदेच्या दोन्ही सुना. डोक्याचे रुमाल घट्ट करून एकामागून एक आत गेल्या. नणंद आपल्या धाकट्या सुनेला म्हणाली, "अगं, पण भांडी?" ती सून लग्न होऊन आल्यापासून मान वर करून बोलली नव्हती. ती म्हणाली, "तुम्ही घासा."

आणि सासवांपैकी एकटी मी. गटही तोच, दुसरा. मीसुद्धा काही खाल्लं नव्हतं, कारण मी पातेल्याशी पहारा देत बसले होते. कुठलं हाड कुणाला जायचं ते या वेळी मी स्वतः ठरवणार होते, वाढप्याला जवळही फिरकू दिलं नव्हतं. तुमच्या भांडणाचा धसका घेतला नसता तर मीही चरबीवर ताव मारला असता. हे तुमचे उपकार म्हणून मी लिहीत नाहीये. फक्त झालं कसं ते सांगते.

आमचं रक्त आत जात होतं आणि बाहेर येत होतं. रक्त गोठायचंच विसरलं होतं. दामिराबाई बाहेर आल्या, कोपरापर्यंत लाल. म्हणाल्या, "गर्भाची पिशवी काढावी लागेल. तरच वाचण्याची आशा." कुबातने माझी बाही धरली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण सात नातवंडांची गोष्ट अख्ख्या नारीनला माहीत आहे.

तुम्हाला खोटं सांगत नाही. एक क्षण ती सात मुलं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मग मी म्हटलं, "काढा. विचारत काय बसलात? इथे उभ्या राहून वेळ घालवू नका." दामिराबाईंवर मी ओरडले. मागाहून माफी मागायला गेले तर त्या उभ्याउभ्याच झोपल्या होत्या.

संध्याकाळ होत आली तेव्हा मिर्लान डॉक्टर काचेची एक नळी मुठीत धरून दारात येऊन उभे राहिले. तिच्या रक्ताची नळी. मुठीच्या उबेत धरायची, मधूनमधून तिरकी करून बघायची. दही लागलं की नाही ते आपण भांडं कलतं करून बघतो ना, तसं. पहिल्यांदा पातळ. दुसऱ्यांदा पातळ. बिश्केकची गाडी पोचली, खोक्यातलं काय काय आत गेलं. ते पुन्हा नळी घेऊन आले. आम्ही सगळे त्यांच्या मुठीकडे बघतोय. त्यांनी नळी तिरकी केली, आणखी तिरकी केली, पार उलटी केली. रक्त हललं नाही.

"लागलं," मीच म्हटलं. ते हसले. त्यांना दह्याचं काय माहीत.

तुम्ही कुबातला फोनवर सांगितलंत, 'तोर्गोय म्हणायचे मी तिला,' आणि ते गाणंही सांगितलंत. नळी काढायच्या आधी, झोपेचं औषध कमी केलं तेव्हा, मी तिच्या कानाशी बसून 'तोर्गोय, तोर्गोय' म्हटलं आणि गाणं पाच-सहा वेळा म्हटलं. नळी निघाल्यावर तिचा पहिला शब्द काय असेल म्हणून आम्ही सगळे वाकलो. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, गाणं नको."

पिशवीचं तिला अजून माहीत नाही. तिला जरा ताकद आली की दामिराबाई स्वतः सांगणार आहेत. तोवर तुम्हीही त्याबद्दल फोनवर बोलू नका. मी दामिराबाईंना म्हटलं, यात सासूचा काही दोष नाही असं शिक्का मारून लिहून द्या, विहीणबाईंना पाठवायचंय. त्या म्हणाल्या, असा दाखला आजवर कुणी मागितला नाही. तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, किंवा नका ठेवू.

तशात काल आयजामाल कोंबडी परत मागायला आली. म्हणते, बातमी पुरी नव्हती, सुयुन्चू परत कर, नाहीतर अशुभ होतं. टोपीवाल्यालाही तिने पढवलं होतं. मी कोंबडी चुलीपाशी बांधून टाकली आहे. म्हटलं, काही परत मिळणार नाही. मी परत दिली तर त्याचा अर्थ काय होतो, ते तिला कळत नाही, मला कळतं. बेगिमाय घरी येईपर्यंत ही कोंबडी माझी आहे.

ती वाचेल, विहीणबाई. मला फार भीती वाटली होती. अजूनही वाटते.

बुरुल


नारीन, २४ मार्च

विहीणबाई,

तुम्ही आता रोज बेगिमायशी बोलता हे मला माहीत आहे, कारण मी खोलीत शिरले की ती आवाज बारीक करते. काल आणि आज तिने फोन उचलला नाही, म्हणून पुन्हा घाबरू नका. तिचा फोन माझ्या ओढणीच्या गाठीत आहे. तिला आणि कुबातला मी बजावलंय, एक बातमी आईला सांगायची नाही, ती मी सांगणार. आयजामालचा भाचा आजच विमानाने कझानला निघालाय, संध्याकाळपर्यंत पत्र तुमच्या हातात पडेल. तोवर धीर धरा. मीही धरलाय.

आधी दुसरं सांगते. दामिराबाईंनी तिला पिशवीचं सांगितलं. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आई, तुम्हाला सात हवी होती."

मी म्हटलं, "सात मागितली तेव्हा एकीचे लंगोट दिवसातून किती वेळा धुवावे लागतात हे मी विसरले होते. आठवण झाली, आता पुरे."

ती हसली नाही. "कुबातला कुणी दुसरं लग्न कर म्हटलं तर?"

"कोण म्हणेल? नाव सांग. मोठी नणंद म्हणाली का?"

तिने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं, म्हणजे नणंदच म्हणाली होती. मी त्याच पावली नणंदेकडे गेले. काय बोलले ते लिहीत नाही, पत्र तुमच्या हाती देण्याआधी आयजामालचा भाचा वाचेल. एवढं सांगते की तिच्या दोन्ही सुना दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या आणि धाकटीने मला जाताना मलईची वाटी दिली. परत येऊन मी बेगिमायला म्हटलं, "मला सून एकच आहे. तीही जाता जाता राहिली. मला आणखी काही नको." मग मात्र ती रडली, आणि मीही. ओरोझ आत आला, आम्हाला पाहून घाबरला आणि परत बाहेर गेला.

आता तिच्या रक्ताची गोष्ट. 'माझी मुलगी माझ्या रक्ताची आहे' असं तुम्ही मांडवात ओरडून सांगितलं होतंत. आता त्यात जरा फरक पडलाय. थोडं तुमचं, थोडं बिश्केकचं, थोडं आयजामालच्या सुनेचं, आणि एक पिशवीभर माझं. परिणाम दिसतो आहे. परवा दवाखान्यात मी नेलेला चहा तिने एक घोट घेऊन खाली ठेवला आणि म्हणाली, "हा चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?" हे वाक्य माझं आहे, विहीणबाई. गेली तीस वर्षं मी ओरोझला हेच ऐकवते आहे. मिर्लान डॉक्टर म्हणतात, दिलेलं रक्त काही महिन्यांत निघून जातं, स्वभाव वगैरे काही येत नाही. ते शिकलेले आहेत, पण अविवाहित आहेत.

नातीचं नाव बेगिमायने स्वतः ठेवलं. दामिरा. मी बुरुल सुचवलं होतं. तुमचंही सुचवलं होतं, पण अगदी हळू आवाजात.

आता बातमी.

सुयुन्चू, विहीणबाई! सुयुन्चू!

तुमची लेक काल घरी आली. कुबात उचलून आणतो म्हणाला, तिने त्याचा हात झटकला. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी आली, हळू आली, मध्ये दोनदा थांबली, पण आली. उंबरा ओलांडला, चुलीपाशी बांधलेली कोंबडी पाहिली आणि म्हणाली, "ही घरात का?" मी म्हटलं, "ही तुझी आहे." बेगिमाय घरी आली की कोंबडी कापायची असं ठरलं होतं. कापवली नाही. आता ती घरातच अंडी घालते आणि ओरोझच्या जागेवर बसते.

नात झाल्याची बातमी मी घाईने साऱ्या गावाला दिली होती. ही बातमी मी कुणाला दिली नाही. गल्लीत ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. तोंडाने मी पहिल्यांदा तुम्हालाच सांगते आहे, आणि हिच्यासाठीच तो फोन गाठीत बांधून ठेवलाय.

तेव्हा सुयुन्चू द्यावं लागेल. टोपी नको, रुमाल नको, कझानची मिठाईही नको, ती दाताला चिकटते. मला फोनवर मोकळं करा. माझ्याशी भांडायला मुलाला मध्ये घालू नका, त्याला झेपत नाही. थेट मला बोला. तुम्ही मला बोलल्याशिवाय माझ्या मनातलं त्या दिवसाचं अंगण जाणार नाही. मी पेले भरत होते आणि ती एकटी आत होती. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. तुम्ही तिच्या आई आहात, तुम्हीच मला बोला.

आणि उन्हाळ्यात, डोलोन मोकळा झाला की, या. त्या दिवशी कापलेल्या मेंढीची वाटणी झालीच नाही, सगळे दवाखान्यात होतो. रात्री उरलेलं मांस शेजाऱ्यांनी नेलं, पण त्याआधी मी पातेल्यातून एक हाड काढून घेतलं होतं. उचा. चरबीसकट, अख्खा. फ्रीझरमध्ये तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवलाय आणि ओरोझला झाकण उघडायची बंदी आहे. तुमच्या ताटात मी स्वतःच्या हाताने वाढीन, साऱ्या गल्लीसमोर, आणि या वेळी वाढपी कोणीही नसेल.

मोठ्या नणंदेला मांडीचं हाड देणार आहे. ती रुसली तर तिलाही पत्रं लिहीन.

तुमची विहीण,
बुरुल